एक ओळ हिरवी, एक पांढरी

हेमेंद्रच्या पोटात जळत होतं, आणि का जळू नये? नवेगाव बांधच्या पक्षीमित्रांच्या वेबसाइटवरचा तो तक्ता त्याने दोन दिवस मान मोडून रंगवला होता. एकशे ऐंशी पक्षी, एकशे ऐंशी ओळी. एक पांढरी, एक हिरवी, एकेक हातानं. मग पक्षीमित्रांनी मधेच एक नवं बदक घातलं, अन् खालचे सगळे रंग चुकले. तो पुन्हा रंगवायला बसला, तर वेबसाइट बनवायच्या या दुकानात परवाच कामाला लागलेली, गोंदियाजवळच्या गोरेगावची गुंजन म्हणाली, "काऊन एवढी मेहनत करून राहिले भाऊ? दर दुसरी ओळ हिरवी, असा एक नियम लिहिला का झालं." अन् लिहिलाही. घ्या! आता कितीही बदकं घाला, रंग आपले आपण सरकत होते.

मालक चुन्नीलालजी भलतेच खूश. "ही साइट आता गुंजनच पाहील," म्हणाले. गोंदियातल्या या दुकानात हेमेंद्रने आठ वर्षं खुर्ची झिजवली, आणि साइट कालच्या पोरीला. तिच्या टायपिंगचा आवाजही त्याला सोसवेना.

आज पक्षीमित्र तक्ता पाहायला येणार होते. हेमेंद्र सगळ्यांच्या आधी आला. त्याने तिचा नियम दोनदा वाचला आणि पुसून टाकला. होऊ दे फजिती.

झालीच. पाहुण्यांसमोर तक्ता उघडला तो पांढराफटक. गुंजनचा चेहरा उतरला. चुन्नीलालजी म्हणाले, "हेमेंद्र, तू बघ जरा." याचीच तर तो वाट पाहत होता. त्याने नियम खटाखट लिहिला, त्या हिरव्या छटेच्या आकड्यासकट, कुठेही न पाहता. तक्ता पुन्हा हिरवा झाला. पाहुणे वाहवा करू लागले.

गुंजन पडद्याकडे पाहत राहिली. मग त्याच्या खुर्चीशी वाकून हळूच म्हणाली, "हा हिरव्याचा आकडा मी काल दुकान बंद होताना बदलला, भाऊ. कोणालेच नव्हता दाखवला."

हेमेंद्रला कळलं, आपण पकडले गेलो. आता ही सांगणार, आणि आठ वर्षांची अब्रू चव्हाट्यावर येणार.

गुंजन चुन्नीलालजींकडे वळली. "साइट भाऊकडेच राहू द्या जी. त्याईले जमते."

"बरं," चुन्नीलालजी म्हणाले.

हवं होतं तेच मिळालं, तरी हेमेंद्रला तिच्याकडे मान वर करून पाहता येईना. एवढं मोठं मन या पोरीला मिळालं आणि आपल्याला नाही, याचा आता त्याला हेवा वाटू लागला, आणि हा हेवा आधीच्यापेक्षा जास्त जाळत होता.