हवा ठरते तेव्हा

“आजही नाही!” गार्गीने लॅपटॉप मिटला आणि ती टाकीच्या कठड्याला टेकून बसली.

डोणगावच्या पाण्याच्या टाकीवर तिने महिनाभर दुर्बीण लावली होती. चार किलोमीटरवर, उत्तरेच्या टेकडीवर तिचा सहकारी शंतनु दुसरी दुर्बीण घेऊन बसायचा. इकडून प्रकाशाचा एकेक कण सोडायचा, तिकडे तो झेलायचा आणि त्यातून दोन्ही टोकांना निरोप कुलूपबंद करणारा एकच गुप्त आकडा तयार करायचा. मधे कुणी कण चोरून पाहिलाच, तर तो बदलतो आणि चोरी उघडी पडते. अंधारात हे साधलं होतं. आता उजेडात साधायचं होतं. पण रोज दुपारी बहुतेक कण वाटेतच भरकटत. टाकी वापरायची परवानगी उद्या संपणार होती.

राखणीला ठेवलेले किसनराव हे सगळं बघत होते. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. मोजणीच्या वेळी आकड्यांची उंच पट्टी सरळ उभी धरायची. साहेब लांबून दुर्बिणीतून आकडा वाचत, तोवर पायाला मुंग्या चावल्या तरी किसनराव हलत नसत.

“मॅडम, एक बोलू काय?”

“बोला ना, काका.”

“तुम्ही भर दुपारी काऊन करून राह्यल्या? काळी जमीन तापली का हवा उकळते. आमच्या सायबाले पट्टीवरचे आकडे नाचताना दिसत. मंग ते काम बंद करत.”

“दुपारची वेळ आमच्या सरांनी ठरवलीय.”

“सरानं इथलं वावर पाह्यलं काय?”

गार्गीला हसू आलं. “मग कधी करू?”

“दिवस बुडाच्या घंटाभर आधी. जमीन निवते, हवा ठरते. पण लय वेळ नाही ठरत. वीस-पंचवीस मिनिटं, बस.”

रात्री तिने सरांना फोन केला. सर चिडले, पण ती हटली नाही.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला सगळं तयार होतं. किसनराव कपाळावर हात धरून टेकडीची कड न्याहाळत होते. कड थरथरत होती.

“सुरू करू?”

“थांबा.”

पाच मिनिटं गेली. दहा गेली. गार्गीने पुन्हा घड्याळ पाहिलं.

“थांबा, मॅडम... हां. आता!”

तिने कळ दाबली. थोड्याच वेळात फोनमधून शंतनु ओरडला, “कण लागतायत! गार्गी, लागतायत!”

बावीस मिनिटांनी कड पुन्हा हलू लागली, तोवर आकडा तयार झाला होता. गार्गीने डोळे पुसले.

“काका, हा आकडा फक्त या दोन टोकांना माहीत आहे. तिसऱ्या कुणालाच नाही.”

“मंग मलेही सांगू नका.”

ती खळखळून हसली. मग वही उघडून म्हणाली, “आमच्या शोधनिबंधात तुमचं नाव येणार. पूर्ण नाव सांगा.”

किसनराव उभे राहिले. त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि मग सांगितलं,

“किसन संपत गवई.”