साहेबांचं वय

ताईच्या पत्राला पंडितने उत्तर दिलं नव्हतं. तिला फोनवर नीट ऐकू येत नसे, म्हणून ती पत्रच लिही. ‘तुझ्या साहेबांचा फोटो असलेल्या गोळ्या आणल्यात. म्हातारपण मागे हटतं म्हणे. मग रक्तदाबाच्या बंद करू ना? तुझं उत्तर आलं नाही, तर तुझी हरकत नाही असं समजेन.’ महिना उलटला, तरी तो मूग गिळून बसला होता. निवृत्तीला टेकलेल्या माणसाने साहेबांच्या गोळ्यांबद्दल काय लिहायचं?

साहेब प्रयोगशाळेत आले ते केसांचा नवा रंग मिरवत. बाहेर पत्रकार जमले होते. गोळ्यांचा गुण आज साहेब स्वतःच्याच रक्तात दाखवणार होते.

“काय म्हणतंय आमचं रक्त, पंडित?”

“टेलोमिअर आखूड आहेत, साहेब. वय सत्तरीच्या घरात येतंय.”

गुणसूत्रांच्या टोकांवरची ही टोपणं पेशी विभागताना झिजत जातात. हुद्दा बघून झिजायचं थांबण्याची अक्कल त्यांना नसते.

“अहो, मला अजून साठ पुरी नाहीत! मशीन म्हातारं झालंय तुमचं. पुन्हा लावा.”

पुन्हा लावलं. साठ आलं.

“आता कसं वळणावर येतंय! आणखी एकदा.”

तिसऱ्यांदा पन्नाशीच्या आत. रक्त तेच, नळीही तीच.

“बघा! सत्य असं खणून काढावं लागतं.”

“साहेब, तिन्हींची सरासरी काढली तर...”

“सरासरी सामान्य माणसांची असते, पंडित. आधीचे दोन पुसून टाका.”

त्याने पुसले. आकडा ऐकून बाहेर टाळ्या पडल्या. साहेब पन्नाशीच्या आतल्या छातीने धापा टाकत जिना चढून गेले.

फरशी पुसणाऱ्या मावशी हसल्या. “माझंही वय काढा की, पंडित. फक्त तिसऱ्या वेळचं द्या.”

त्याला हसू आलं नाही. साहेबांची कीव करणं सोपं होतं. आकडे मात्र त्याच्या बोटांनी पुसले होते.

त्याने तिथेच कागद ओढला. ‘ताई, उशीर केला, माफ कर. त्या गोळ्यांनी काही होत नाही. इथली मोजणी मीच करतो. आज एकाच रक्ताची तीन वयं निघाली, आणि सोयीचं तेवढं मी ठेवलं. रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या असशील, तर डॉक्टरांना आजच्या आज दाखव. हे पत्र कुणालाही वाचायला दे.’

सही केली. जरा थांबून तिच्याखाली हुद्दाही लिहिला.

फाटकाजवळच्या टपालपेटीत पाकीट सोडलं, तेव्हा पडल्याचा आवाज आला नाही. त्याने फटीतून बोटं आत घालून चाचपलं. हाताला काही लागलं नाही; पाकीट तळाशी गेलं होतं, आता ते परत घेता येणार नव्हतं.