नमुन्याचा परिच्छेद

पडद्यावरचं हिरवं टिंब चार मिलिमीटरचं आहे. एकदा मी पट्टी लावून मोजलं होतं. आमच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रीप्रिंटशेजारी, म्हणजे तज्ज्ञांनी तपासण्याआधीच सगळ्यांसमोर ठेवलेल्या शोधनिबंधाशेजारी, अशी सात टिंबं असतात. रुग्णांची संमती घेतली का, गट चिठ्ठ्या टाकून पाडले का, कच्ची आकडेवारी खुली आहे का, वगैरे. टिंबं लावणारी यंत्रणा आम्ही बनवली. ती निबंध वाचते असं आम्ही सांगतो. खरं तर ती वाक्यं शोधते. वाक्य सापडलं की हिरवं.

लेखकांची सोय म्हणून मार्गदर्शनाच्या पानावर मी एक नमुन्याचा परिच्छेद लिहिला होता. त्यात एक तपशील मनानेच घातला: कोणाला कुठलं औषध, त्या चिठ्ठ्यांची बंद पाकिटं एका निवृत्त ग्रंथपालाने सांभाळली.

सहा आठवड्यांपूर्वी तो ग्रंथपाल मला एका निबंधात भेटला. मग दुसऱ्या. कालपर्यंत तो त्रेचाळीस रुग्णालयांत पाकिटं सांभाळत बसला होता. सगळीकडे सातही टिंबं हिरवी.

आमच्या प्रमुखांना आम्ही मास्तर म्हणतो. पहिले काही निबंध त्यांना दाखवले तेव्हा ते हसले. "अगं, माणसं कॉपी करतात. शाळेपासून करतात."

"पण प्रयोगच झाला नसेल तर?"

"पुरावा आहे?"

नव्हता.

"मग आपली यंत्रणा मांडायची ती परिषद होऊ दे. आत्ता बोललीस तर आपल्याच पायावर धोंडा."

परिषद झाली. टाळ्या पडल्या. मग वार्षिक अहवाल आला. मी रोज सकाळी ठरवायचे आणि रोज संध्याकाळी तशीच घरी जायचे.

आज दुपारी ताईचा फोन आला. माझी थोरली बहीण मूत्रपिंडाच्या वॉर्डात डॉक्टर आहे.

"जेवलीस का?" नेहमीचं झालं. मग तिचा आवाज खाली आला. "ते सूज उतरवायचं नवं औषध गं. दोघांची लघवी निम्म्यावर आलीय. निबंधात तर असलं काही नाही."

"कुठला निबंध?"

"तुमच्याकडेच तर बघितला! सातही हिरवी. आमचे साहेब म्हणाले, धाकटीने पास केलाय, आता काय मुहूर्त काढायचाय? अकरा जणांना सुरू केलं. पाच वाजता पुढचा डोस."

तिने नाव सांगितलं. त्रेचाळिसांतलाच एक. मी निबंध उघडला. पद्धतीचा भाग. चौथ्या ओळीत ग्रंथपाल, पाकिटांसकट.

प्रयोग खरा असेलही. फक्त परिच्छेद उचललेला असेल. ते कळायला मला काही मार्ग नव्हता, आणि यंत्रणेला तर नव्हताच.

शेजारच्या टेबलावरून मास्तरांनी माझ्या पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. हळूच मान हलवली: नको.

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. फोनमधून वॉर्डातल्या ट्रॉलीची चाकं ऐकू येत होती, कुणाचा तरी खोकला.

"काय गं, दातखीळ बसली का?" ताई म्हणाली. "साहेब समोर उभे आहेत. चालू ठेवू का विचारतायत."

"बंद कर." मास्तर खुर्ची सरकवून उठले. मी थांबले नाही. "अकराही जणांचं, ताई. आणि साहेबांना सांग, त्रेचाळीस निबंधांवरचा आमचा शेरा मी आत्ता मागे घेतेय. कारणासकट, माझ्या सहीने."