हुंदक्याची चावी

मी एक जुना सॅक्सोफोन आहे, मित्रांनो, आणि माझ्या एका सुरावरून सख्खी बहीणभावंडं चार वर्षं एकमेकांशी बोलली नाहीत. त्या सुराचा खरा गुन्हेगार कोण, हे फक्त मला आणि मला वाजवणाऱ्यालाच ठाऊक आहे, अशी माझी समजूत होती. मला तोंड आहे, पण दुसऱ्याने फुंकल्याशिवाय बोलता येत नाही. म्हणून इतकी वर्षं ही गोष्ट माझ्या पोटात राहिली.

पितळेचा पत्रा गुंडाळून, लाकडी हातोड्यांनी ठोकून मला घडवलं. मग माझ्या अंगाला वीस-बावीस भोकं पाडली, प्रत्येकावर झाकण बसवलं आणि झाकणाच्या आत चामड्याची गोल गादी चिकटवली. चावी दाबली की झाकण उघडतं किंवा मिटतं आणि सूर बदलतो. यातली एक चावी डाव्या करंगळीखाली असते. तिचं झाकण एरवी बंद असतं. करंगळी दाबली की एक बारीकशी स्प्रिंग ते उचलते आणि सूर अर्धी पायरी वर चढतो. ही चावी लक्षात ठेवा, कारण सगळा घोळ तिथेच झाला.

मला जुन्या वाद्यांच्या दुकानातून एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी घेतलं. त्यांच्या मुलीला पियानो येत होता आणि मुलाला काहीच येत नव्हतं, म्हणून मी मुलाच्या वाट्याला आलो. बहिणीला तो ताई म्हणे आणि त्याला सगळे धाकट्या म्हणत. पुढे तो नावारूपाला आला तेव्हा पोस्टरवरही 'धाकटा' एवढंच छापलं जाई.

दोघांना जॅझ शिकवलं मास्तरांनी. ते सांगत, धून सगळ्यांची असते. ती एकदा सरळ वाजवायची आणि मग तिच्यातून आपली वाट काढायची. कालची वाट आज चालायची नाही. ताईने हे मनावर घेतलं. धाकट्यानेही घेतलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. त्या दिवसांत तो एकच धून दहा वेळा वाजवी आणि दहाही वेळा मला नवीन काहीतरी करायला लावी. माझी दमछाक होई, पण मजा येई.

मग आई गेली. त्यानंतर नवव्या दिवशी सकाळी रेकॉर्डिंग ठरलेलं होतं. ताई म्हणाली, पुढे ढकलू. धाकटा म्हणाला, घरी बसून तरी काय करायचं? त्याने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. दोन कप कॉफी मात्र प्यायला, चार-चार चमचे साखर घालून, आणि चूळ न भरता तसाच मला फुंकायला लागला. साखर त्याच्या श्वासातून माझ्यात उतरली आणि करंगळीखालच्या गादीवर जाऊन बसली.

धून त्याचीच होती, संथ. तिसऱ्या ओळीत त्याने करंगळी दाबली आणि झाकण उघडलंच नाही. गादी चिकटली होती. वरच्या सुराऐवजी खालचा निघाला. मी घाबरलो. धाकट्याने श्वास थांबवला नाही, उलट जोर लावला, आणि 'टक्' करून गादी सुटली. सूर एकदम वर गेला. बोलायला जावं आणि गळा दाटून यावा, तसं काहीतरी ऐकू आलं. काचेपलीकडच्या माणसाने हात वर केला आणि म्हणाला, "हेच ठेवू." ताई पियानोकडे बघत होती. तिने मान वर केली नाही.

मित्रांनो, त्या एका 'टक्'ने आमचं आयुष्य बदललं. लोकांनी त्या सुराला 'हुंदका' हे नाव दिलं आणि धाकट्याला डोक्यावर घेतलं. केस कापायच्या दुकानात, लिफ्टमध्ये, दातांच्या डॉक्टरकडे बाहेरच्या बाकावर, जिकडे तिकडे मी रडत होतो. एका नर्सबाईंनी पत्र लिहिलं की, कामावर एखादा पेशंट गेला की घरी जाऊन मी तुमचा हुंदका ऐकते आणि मग मला दुसऱ्या दिवशी उठता येतं. आता सांगा, त्या बाईंना काय कळवायचं? ती साखर होती म्हणून?

बरोबरीच्या कलाकारांनी मात्र नाकं मुरडली. काहींच्या पोटात दुखत होतं, हे उघड आहे. पण सगळ्यांच्या नाही. आमच्यात बास नावाचं मोठं तंतुवाद्य वाजवणारा एक उंच गृहस्थ होता, त्याला खांब म्हणत. त्याला मत्सर ठाऊकच नव्हता. तो एकदा म्हणाला, "शंभर कार्यक्रम झाले आणि शंभर वेळा तोच हुंदका, त्याच ठिकाणी. मी आताशा तो यायच्या आधीच रुमाल काढून ठेवतो." सगळे हसले. धाकटाही हसला, पण माझ्यावरची त्याची पकड घट्ट झाली.

मग एका वर्तमानपत्रवाल्याने त्याला विचारलं, तो हुंदका आला कुठून? खरं सांगायची ती वेळ होती. धाकटा म्हणाला, "आई गेली होती ना." दुसऱ्या दिवशी ते फोटोसकट छापून आलं.

त्या दुपारी तालमीच्या खोलीत ताई ते पान घेऊन आली. "हे तू म्हणालास?"

"त्यात खोटं काय आहे, ताई? आई गेलीच होती."

"कालचं आज वाजवतोस, आजचं उद्या वाजवशील. वाजव बाबा. पण वर आईचं नाव का लावतोस?"

"लोक रडतात, ताई. माझ्यासमोर बसून रडतात."

"कांदा चिरला तरी रडतात."

धाकट्याचा चेहरा पडला. खांब बासच्या तारा पुसत राहिला. मग धाकटा अगदी हळू आवाजात म्हणाला, "तुला लोक नकोच असतात. तुला रिकाम्या खुर्च्या आवडतात. खुर्च्या रिकाम्या राहिल्या की तुला वाटतं, आज आपण काहीतरी थोर वाजवलं."

ताईने पियानोचं झाकण मिटलं. आपटलं नाही, सावकाश मिटलं, आणि त्याचीच मला भीती वाटली. त्यानंतर ती चार वर्षं त्या खोलीत आली नाही.

त्या चार वर्षांत धाकट्याने काय केलं ते सांगायला मला लाज वाटते. प्रत्येक कार्यक्रमाआधी तो तीच गोडमिट्ट कॉफी प्यायचा, गादी चिकट राहावी म्हणून. दुरुस्तीवाल्या बाईंकडे मला न्यायचा तेव्हा बजावायचा, "सगळं करा, पण करंगळीच्या चावीला हात लावू नका." घरी त्याने तो हुंदका नुसत्या बोटाने काढून पाहिला, आधी खालचा सूर, मग उशिरा वरचा. तो खोट्या खोकल्यासारखा वाटला. तेव्हापासून तो त्या चावीला स्टेजबाहेर शिवत नसे. मी वाद्य होतो, पण त्याच्या गळ्यात मी एखाद्या कर्जासारखा लटकत होतो आणि मला ते कळत होतं.

मग मास्तरांना ऐंशी वर्षं पूर्ण झाली. ते संध्याकाळी सातला झोपत, म्हणून कार्यक्रम दुपारी चारला ठरला. त्यांनी दोघांना वेगवेगळे फोन केले आणि एकच वाक्य ऐकवलं, "माझ्यासमोर एकत्र वाजवायचं, नाहीतर येऊ नका."

तालमीला ताई वेळेवर आली. तिच्या कानाजवळचे केस पांढरे झाले होते. धाकट्याने खुर्ची पुढे केली, ती तिने घेतली नाही.

"ती धून वाजवणार असशील," ती म्हणाली.

"लोक सोडणार नाहीत."

"मग वाजव. पण तो हुंदका नको. माझ्या पियानोवर नको."

"ते त्याच्यासाठीच येतात, ताई."

"बघ बाबा. तो निघाला की मी उठणार. मास्तर असोत नाहीतर कोणी."

धाकट्याने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने मला दुरुस्तीला टाकलं आणि नेहमीचं बजावलं. बाईंनी मान डोलावली. पण तीस वर्षांची सवय हातात असते, डोक्यात नाही. एकेका गादीखाली पातळ कागद सरकवत, दाबत, ओढत त्या माझ्या अंगावरून पुढे गेल्या, रेडिओवर बोलणाऱ्या कुणाशी तरी भांडत, आणि करंगळीची गादीही पुसून मोकळी झाली. त्यांच्या ते ध्यानातही आलं नाही. माझ्या मात्र आलं. धाकट्याने मला नेताना चार सूर काढून पाहिले. तो एक सोडून.

हॉल भरला होता. पुढच्या रांगांत धाकट्यावर जीव टाकणारे बसले होते, काहींनी रुमाल हातातच धरले होते. मागे, भिंतीला टेकून, हाताची घडी घातलेले वाजवणारे. मध्ये पहिल्या रांगेत मास्तर, कानाला यंत्र लावून. धाकट्याने पडद्यामागे कॉफी घेतली होती. म्हणजे त्याचं ठरलं होतं. ताईलाही त्याच्या चेहऱ्यावरून ते कळलं असणार, कारण ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती, उठायच्या तयारीने.

धून सुरू झाली. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. हॉलमध्ये कुणी खोकेना. तिसऱ्या ओळीत धाकट्याने करंगळी दाबली आणि माझं झाकण अलगद उघडलं. सूर स्वच्छ निघाला, अगदी पुसून ठेवल्यासारखा.

ताईने चटकन वर पाहिलं. तिला वाटलं, भावाने ऐकलं. तिचा चेहरा इतका मऊ झालेला मी कधी पाहिला नव्हता. पण मग तिला त्याचा चेहरा दिसला. तो पांढराफटक पडला होता आणि करंगळी चावी पुन्हा पुन्हा दाबत होती. वरच्या बाल्कनीतून कुणीतरी म्हणालं, "हुंदका कुठाय?" मागच्या भिंतीपाशी कुणीतरी हसलं. धाकट्याने ओळ पुन्हा घेतली. पुन्हा तोच स्वच्छ सूर. मग त्याचा श्वासच तुटला. मी त्याच्या हातात होतो आणि मला फुंकणारं कुणी नव्हतं. ड्रमवाला आणि खांब तेवढा ताल धरून राहिले.

मित्रांनो, मला ओरडून सांगायचं होतं की चूक माझी आहे.

तेवढ्यात पियानोतून ती ओळ आली. ताई वाजवत होती. तिसऱ्या ओळीत ती त्या जागेवर आली, तिने खालची पट्टी दाबली, धरून ठेवली, आणि उशिरा, जिवावर आल्यासारखी, वरची. तोच हुंदका. जो निघाला तर मी उठेन म्हणाली होती, तो तिने स्वतः वाजवला, कारण तिचा भाऊ हजार माणसांसमोर बुडत होता.

धाकट्याने तिच्याकडे पाहिलं आणि मला तोंडाला लावलं. पुढे त्याने जे वाजवलं ते रेकॉर्डवर नव्हतं, आदल्या दिवशी नव्हतं, कुठेच नव्हतं. मधे दोनदा तो चुकला. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

नंतर पडद्यामागे दोघं एकमेकांसमोर उभी राहिली. मग धाकटा म्हणाला, "ताई, ती गादी चिकटली होती. त्या दिवशी. आईबिई काही नव्हतं."

"ठाऊक आहे. मला टक् ऐकू आलं होतं."

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं! मी हादरलो.

"मग चार वर्षं बोलली का नाहीस?"

ताई खाली बघत म्हणाली, "टक् ऐकू आलं, आणि तरीही मला आई आठवली. तुझ्याइतकीच मीही रडले, पियानोत तोंड घालून. गादी चिकटली म्हणून मी रडले, याचाच राग होता रे. तो तुझ्यावर काढला."

धाकट्याने तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. मी दोघांच्या मध्ये दाबला गेलो, पण तक्रार केली नाही.

भांडण संपलं, असं समजू नका. वर्तमानपत्रात आठवडाभर पत्रं येत होती. कुणी म्हणे फसवणूक झाली, कुणी म्हणे असं ऐकलंच नव्हतं. हाताची घडी घालणाऱ्यांतही दोन तट पडले. हुंदका खरा की खोटा, यात दोन्हीकडचे थोडे थोडे बरोबर होते. गादी साखरेने चिकटली हे खरं. पण चिकटल्यावर श्वास न थांबवता जोर लावला तो धाकट्याने, आणि तो जोर कुठून आला ते मलाही सांगता येत नाही.

आता धाकट्याची छाती साथ देत नाही. ताई जिथे शिकवते त्या संगीतशाळेत त्याने मला देऊन टाकलं. शाळेने माझा मान राखला, म्हणजे काचेच्या कपाटात ठेवून खाली पाटी लावली: 'हुंदक्याचा सॅक्सोफोन'. तुम्ही मुलं येता, पाटी वाचता, काचेला नाक लावता आणि पुढे जाता. जे धाकट्याचं झालं होतं तेच आता माझं झालं आहे. एका सुरापलीकडे मला कुणी काही विचारत नाही.

आणि एक सांगतो. पडून पडून ती करंगळीची गादी पुन्हा चिकटली आहे. आज कुणी मला फुंकलं तर हुंदका नक्की निघेल आणि सगळे खूश होतील. पण मित्रांनो, कपाटाची किल्ली ताईच्या टेबलाच्या खणात असते. ती मागून घ्या. कपाट उघडा, चूळ भरून या, आणि आधी एक पातळ कागद घेऊन ती गादी पुसा. मग काय वाजवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.