तात्या कुणाकडं ठेवायचा

"ज्याच्या डोक्यात सातवीचं पुस्तक राहिलं नाही, त्याच्या डोक्यात आख्खा माणूस राहणार व्हय?" असं नामाकाका माझ्या तोंडावर बोलला, आणि त्यानं लिंबाजीतात्याला आदेशकडं ठेवलं.

"पुस्तक आणि तात्या सारखंच हाय का?" मी म्हणलं.

"आवाज खाली कर. दहावा हाय."

"मग दहाव्याला तरी खरं बोल की. तुझा आदेश तात्याच्या उंबऱ्यावर कवा बसला? एकदा सांग. एकदा."

आदेश नामाकाकाचा पोरगा. माझा चुलतभाऊ. नववीत आहे, पहिल्या तीनात असतो, शाळेचे बूट घालूनच दहाव्याला आला होता. तो बुटाकडं बघत उभा राहिला.

आमच्या गल्लीत म्हातारं माणूस मेलं की दहाव्या दिवशी त्याला कुणाकडं तरी ठेवतात. ज्याच्याकडं ठेवलं त्याला त्या माणसाबद्दल कुणीही, कधीही, काहीही विचारू शकतं. त्यानं उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही किंवा चुकलं, तर तेवढी गल्ली आवळते. दोन्हीकडची घरं समोरासमोर सरकतात. पूर्वी म्हणे आमच्या गल्लीत दोन बैलगाड्या शेजारी शेजारी जायच्या. मग एका म्हातारीचं माहेर कुठलं ते ठेवणाऱ्याला सांगता आलं नाही. तेव्हापासून एकच जाते.

गल्लीत सगळे बँडवाले. एक टोक रस्त्याला, दुसरं टोक बंद, तिथं मारुतीच्या देवळाची मागची भिंत. जायला यायला रस्ता एकच.

ठेवायचं म्हणजे मेलेल्याचं वाद्य फुंकायचं. तात्याची क्लॅरनेट दहा दिवस खुंटीला होती. आदेशनं ती तोंडाला लावली. धड सूरसुद्धा निघाला नाही, कोंबडीची मान धरल्यासारखं काहीतरी वाजलं. सगळे म्हणाले, "झालं." आणि आदेशच्या खिशातनं तात्याच्या तंबाखूचा वास यायला लागला. ज्या पोरानं जन्मात बडीशेपसुद्धा खाल्ली नाही त्याच्या खिशातनं.

मी तिथनं उठून गेलो. जेवलो नाही.

आदेशनं दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आणली. वरती लिहिलं, "कै. लिंबाजीतात्या". आत रेघा मारून भाग पाडले. जन्म व बालपण. सवयी. आवडीनिवडी. वाजवलेली लग्ने. मी तीन वर्षं ज्या माणसाच्या उंबऱ्यावर रोज बसलो, त्याचा त्यानं इतिहासाचा धडा केला.

मग तो घरोघर विचारत हिंडला. लोकांनी सांगितलं. विट्याच्या लग्नात मांडव पेटला तरी तात्या वाजवत राहिला आणि नवरीच्या बापानं त्याला भिजवलेलं पोतं पांघरलं, हे सांगितलं. पुराच्या वर्षी वरात होडीतनं नेली, तात्या टोकाला उभा राहून वाजवत होता, हे सांगितलं. बायको गेल्यावर वर्षभर लग्नाची सुपारी घेतली नाही, नुसता शेळ्यांमागं फिरला, हेही सांगितलं. ह्यातलं मी आधी ऐकलं होतं का ते विचारू नका. वहीत आहे म्हणून सांगतोय.

कारण आणखी एक गोष्ट आहे. ठेवणाऱ्याला जे सांगाल ते तुमच्याजवळ राहत नाही.

हौसाआत्या आमच्यात सगळ्यात जुनी ठेवणारी. तिच्याकडं तिची सासू आहे, चाळीस वर्षं. तिनं सासू सगळ्यांकडनं गोळा केली. आता तिच्या नवऱ्याला भिंतीवरचा फोटो दाखवला की तो म्हणतो, "ह्या बाई कोण? चांगल्या घरातल्या दिसतात." हौसाआत्या म्हणते, "तुमच्या आई." तो म्हणतो, "असं का," आणि चहा पितो.

आदेश माझ्याकडं सगळ्यात शेवटी आला. वही छातीशी धरून.

"दादा, तुझ्याकडं तात्या सगळ्यात जास्त आहेत."

तो तात्याला "ते" म्हणतो. मी "तो" म्हणतो. एवढ्यानंसुद्धा माझं डोकं फिरलं.

"मग माझ्याकडं का नाही ठेवला?"

"मी कुठं म्हणलं माझ्याकडं ठेवा? बाबांनी ठेवलं. एक तरी सांग ना. छोटं सांग."

मी एक छोटं दिलं. चहाचं काहीतरी होतं. मी बोलत असताना तो लिहीत होता, तो "साखर" शब्दावर थांबला आणि म्हणाला, "तीन?" एवढं आठवतं.

दुसऱ्या दिवशी नळावर तो पोरांना सांगत होता, "तात्या बशीत फुंकर मारायचे. तीन चमचे साखर. पहिला घोट मला द्यायचे, म्हणायचे, बघ, विष नाही."

"तुला?" मी म्हणलं. "तुला कवा दिला?"

"मग कुणाला?"

मी तोंड उघडलं आणि माझ्याकडं काहीच नव्हतं. बशी नाही, वाफ नाही. मला विचाराल तर मी तात्याला चहा पिताना कधी बघितलेलंच नाही. आदेश माझ्याकडं बघत होता. खोटं बोलत नव्हता. त्याच्या ओठाला खरोखर तो घोट लागला होता.

त्याच दिवशी मी ठरवलं की आता खरं द्यायचं नाही.

पुढच्या वेळी तो आला तेव्हा सांगितलं, तात्या पाण्याला भ्यायचा. खरं काय होतं ते तेव्हा मला माहीत होतं. सांगितलं, तात्या उजव्या कुशीवर झोपायचा. सांगितलं, त्याला कारलं आवडायचं, चौथीपर्यंत शिकला, रागावला की शिट्टी मारायचा. आदेश सगळं सुंदर अक्षरात उतरवून घ्यायचा. अनुस्वारसुद्धा चुकवत नव्हता.

गुरुवारी टेलर बाबूनं सहज विचारलं, "का रे, तात्या कुठल्या कुशीवर झोपायचा?"

"उजव्या," आदेश म्हणाला.

पहिल्यांदा ते मलाच दिसलं. गल्लीत आडव्या बांधलेल्या दोऱ्या सैल पडल्या. सगळ्यांची धुणी एकदम खाली आली, माझ्या आईच्या लुगड्याचा काठ गटाराला टेकला. आई बाहेर येऊन म्हणाली, "वारं सुटलंय का?" वारं नव्हतं. घरं वीतभर जवळ आली होती.

कारल्यावर आणखी चार बोटं गेली. शिट्टीवर दोन वीत. भाजीवाला गाडा तोंडाशीच लावून ओरडायला लागला. गॅसची टाकी आडवी घरंगळत आणायला लागली. समोरासमोरची दारं बाहेर उघडणारी, ती एकमेकांवर आपटायला लागली, मग लोकांनी वेळा ठरवल्या, आधी ह्या बाजूनं उघडायचं, मग त्या. हौसाआत्या आणि समोरची कमळाकाकू दोन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. त्या आता आपापल्या चुलीजवळ बसून एकमेकींच्या तव्यातली भाकरी उलटायच्या. बोलत मात्र नव्हत्या.

मला वाईट वाटलं नाही. खरं सांगतो. आदेश खांद्याला चुना लागलेला शर्ट घालून शाळेत निघाला की मला बरं वाटायचं.

"तू त्याला सांगतोयस ना?" आईनं विचारलं.

"सांगतोय की."

"खरं?"

"तुझ्या पोटचा हाय मी."

"म्हणून तर इचारत्ये."

एका दुपारी आदेश आला. त्याला आमच्या दारात तिरकं व्हावं लागलं. त्यानं वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाला, "दादा, तू खोटं सांगतोस. मला माहितीय."

"मग लिहितोस कशाला?"

"दुसरं कुणी सांगत नाही. सगळ्यांचं देऊन झालं. आता ते तुझ्याकडंच आहेत." मग म्हणाला, "तू खोटं सांगतोस तेव्हा पण तुझा चेहरा तात्यांसारखा होतो. मी तेच बघायला येतो."

मी त्याच्या हातातनं वही ओढली आणि फेकली. ती समोरच्या भिंतीवर आपटली आणि खाली पडली नाही. घरं इतकी जवळ आली होती की ती मधेच अडकून राहिली.

त्याच वेळी आई पाण्याची घागर घेऊन येत होती. कडेवर घागर मावत नव्हती म्हणून डोक्यावर, आणि आई आडवी चालत होती, खेकड्यासारखी, पाठ एका भिंतीला, पोट दुसऱ्या भिंतीला. ती आमच्यापाशी आली आणि हसली. म्हणाली, "सरक रं बाबा, मी जाड झाल्ये." आई जाड झालेली नव्हती.

मी वही काढली आणि आदेशला म्हणलं, "बस. लिही."

त्या दुपारी मी काय काय दिलं ते मला सांगता येणार नाही. खूप वेळ लागला. आदेशचं पेन संपलं, मग पेन्सिल घेतली. मी बोलायचो, तोंडातनं शब्द जायचा आणि आत जागा मोकळी व्हायची, सामान काढलेल्या खोलीसारखी. दाताला जीभ लावून बघावं तसं मी मधेमधे बघायचो, तर तिथं तात्या कमी कमी. बाबू टेलरला बोलावलं, त्यानं एकेक विचारलं, आदेशनं बरोबर सांगितलं, तशी घरं मागं सरकली. दोऱ्या ताणल्या. धुणी वर गेली. कमळाकाकूची भाकरी तव्यावर करपली, कारण आत्याचा हात पोचेना.

मी तात्याचा चेहरा दिला. मग आवाज दिला. आता रस्त्यात भेटला तर मी त्याला वाट विचारीन.

एक ठेवलं.

मी शाळा सोडली त्या दिवसाचं. सरांनी सगळ्यांसमोर माझी वही वाचून दाखवली होती, पोरं हसली होती, मी बाक उलटा केला आणि दप्तर मागच्या विहिरीत टाकलं. घरी आलो तर आबांनी, म्हणजे माझ्या बापानं, पट्ट्यानं मारलं. त्यानंतर मी एका उंबऱ्यावर जाऊन बसलो आणि तिथं मला एक वाक्य कुणीतरी म्हणालं. छोटंच. एका दमात बोलता येतं. उंबरा कुणाचा ते सगळे सांगतात, म्हणून कोण म्हणालं ते माहीत आहे. माझ्या डोक्यात ते आता माझ्याच आवाजात आहे. त्यानंतर मी रडलो नाही, आजपर्यंत.

ते वाक्य आदेशकडं गेलं तर उद्या तो नळावर पोरांना सांगेल, "मी शाळा सोडली तेव्हा तात्या मला म्हणाले." जो पोरगा शाळेत पहिल्या तीनात असतो तो. आणि ते खरं असेल. आणि मी तिथं बादली घेऊन उभा असेन, पट्ट्यानं मारलेला आणि कुणीच काही न म्हणलेला.

तुम्हालासुद्धा ते सांगणार नाही. तुमच्याकडं कोण ठेवलंय मला काय माहीत.

आज चारची वरात आहे. गावातली मोठी सुपारी. सगळ्यांनी लाल कोट घातले, गल्लीत एकामागं एक उभे राहिले. मी सगळ्यात पुढं, झांजा घेऊन रस्त्यावर बाहेर आलो होतो. माझ्या मागं आबा, छातीवर मोठा ढोल. आबांच्या मागं आदेश क्लॅरनेट घेऊन, मग नामाकाका, बाकीचे सगळे, आणि दारादारातनं बायका बघायला.

आबा गल्लीच्या तोंडाशी थांबले. मागं न बघता म्हणाले, "आदेश."

"काय काका?"

"ह्यानं शाळा सोडली त्या दिवशी मी ह्याला लई मारलं. संध्याकाळी घरी आला तवा हसत होता. तीन वर्सं झाली, मला ते कळंना. तात्या काय म्हणला हुता ह्येला?"

आबांनी हे मला कधी विचारलं नव्हतं. मला विचारलं असतं तर मी बहुतेक सांगितलं असतं.

आदेशनं वही काढली नाही. त्यात नाही हे त्याला माहीत होतं.

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

घरं आली. आवाज झाला नाही. ढोल दोन्ही भिंतींमध्ये बसला, बाटलीला बूच बसावं तसा, आणि ढोलामागं आबा दिसेनासे झाले. गल्लीला तोंड राहिलं नाही. तिथं आता फक्त एक गोल, पांढरं कातडं आहे, त्यावर आमच्या बँडचं नाव आणि खाली फोन नंबर.

"दादा," आदेश पलीकडनं म्हणाला. "तेवढं एक."

"संग्या," आईचा आवाज आला, दबलेला, भिंतीला गाल लावून बोलल्यासारखा. "काय आसंल ते दे रं त्याला. श्वास घ्याया जागा न्हाई."

 

रस्त्याच्या टोकाला नवरदेव घोड्यावर बसलाय. लोक हात करून मला बोलावतायत, एकट्याला, झांजांसकट. ढोलाच्या पलीकडनं कुणीतरी बोटानं टकटक करतंय, दार वाजवल्यासारखं, हळू. मी कातड्याला तोंड लावून बोललो तर आत स्पष्ट ऐकू जाईल. कातडं मधेमधे आतनं फुगतं आणि परत बसतं.

मला आता निघायला पाहिजे.