पद्मिनीचा सायलेन्सर

"ओ, किती वेळ झोपलाय खाली? कॉफी निवली," वनजाबाई अंगणातून म्हणाल्या.

"पक्कड दे. लाल मुठीची. तिथंच बघ, पायरीवर."

गाडीखालून फक्त दोन पाय बाहेर आले होते. वनजाबाईंनी वाकून पक्कड त्या पायांशी सरकवली. जॅकवर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून नागोजीराव गाडीखाली शिरले की चारही बाजूंना दगड लावले आहेत ना, हे त्या स्वतः फिरून बघत. आजही त्यांनी बघितलं होतं, दोनदा.

खाली नागोजीराव सायलेन्सरच्या पाइपकडे बघत होते. पाइप मधोमध गंजून फुटला होता. त्यांनी दुधाच्या पावडरीच्या डब्याचा पत्रा कापून भोकावर गुंडाळला, त्याखाली पेस्ट भरली, दोन्ही बाजूंनी क्लॅम्प आवळले आणि वरून तार पिळली. काम सुबक झालं. मग त्यांचं लक्ष वर, गाडीच्या तळाकडे गेलं. हँडब्रेकची केबल जिथून आत जाते, तिथल्या रबराचा भुगा झाला होता. बोट घातलं तर थेट मागच्या सीटखाली जाईल एवढं भोक पडलं होतं. तसलं रबर आता कुठं मिळत नव्हतं. एक दुकानदार पुढच्या आठवड्यात बघतो म्हणाला होता. तोवर असू दे म्हणून नागोजीरावांनी त्या भोकात जुन्या लुंगीची चिंधी कोंबली.

"झालं," ते बाहेर येत म्हणाले. "अजून दहा वर्षं बघायला नको."

नागोजीराव म्हैसूरच्या पाणीपुरवठ्यात पंप ऑपरेटर होते. चौतीस वर्षं. त्यांचे पणजोबा महाराजांच्या घोडदळात होते म्हणे; नागोजीरावांच्या वाट्याला चार पंप आले. डोळे मिटून ते सांगत, तीन नंबरचं बेअरिंग जातंय. इंजिनियर हसत, आणि आठवड्याभरात बेअरिंग जाई. निवृत्तीनंतर कान रिकामे झाले, तेव्हा त्यांनी ते या निळ्या पद्मिनीला लावले. गाडी छत्तीस वर्षांची. कुठल्याही मेकॅनिकचा हात तिला लागलेला नव्हता. म्हैसूरच्या कडेला, हूटगळ्ळीतल्या त्यांच्या गल्लीत, नव्या घरांसमोरच्या नव्या गाड्यांमध्ये ती एकटीच आवाज करत निघे आणि नागोजीराव त्या आवाजाने खूश असत.

सोमवारी कृष्णराजनगरला वनजाबाईंच्या भावाकडे, संताजीरावांकडे, नातवाचं बारसं होतं. मुलाला आणि सुनेला सुट्टी नव्हती. म्हणून दोघं नवरा-बायको आणि पाच वर्षांची नात यशस्विनी, असे तिघंच निघाले. जाताना यशू आजोबांना म्हणाली, "ताता, डोकं दुखतं."

"पोटात काही नाही, म्हणून," वनजाबाई म्हणाल्या आणि तिला केळं सोललं.

बारसं झालं. जेवणं झाली. दोन वाजता ते परत निघाले. रस्ता रुंद करायचं काम चालू होतं, समोरच्या टिपरमागून धुळीचा लोट येत होता. वनजाबाईंनी मागच्या काचा वर केल्या. नागोजीरावांनी पुढच्या.

एका गावाबाहेर गतिरोधक आला. गाडी थोडी जोरात आदळली आणि खाली काहीतरी खडखडलं. त्यानंतर आवाज बदलला. फार नाही. एखाद्याने खाकरावं तसा एक कोरडा फरफराट मूळच्या आवाजात मिसळला. पत्रा सरकला, हे नागोजीरावांना त्याच क्षणी कळलं. थांबून बघावं का? पण बघून करणार काय, गरम पाइपला हात लावता येत नाही. घर पंधरा-सोळा किलोमीटरवर होतं. मागे दोघी झोपल्या होत्या, यशूचं डोकं आजीच्या मांडीवर होतं. कशाला उठवायचं म्हणून ते तसेच पुढे गेले.

येलवाल यायच्या आधी त्यांच्या कपाळात घण बसू लागले. जेवण जड झालं असेल. मग समोरचा रस्ता जरा तिरका झाल्यासारखा वाटला, उलटी होईलसं वाटलं, आणि त्यांनी घाईने गाडी बाजूला घेतली. झाडाखाली एक बाई शहाळी विकत होती.

"यशू, एळनीर पिणार?" त्यांनी मागे न बघताच विचारलं. "अगं, उठा दोघी. शहाळं घेऊ."

उत्तर आलं नाही.

ते उतरले. पाय आपले नाहीत असं वाटलं. गाडीला धरत धरत त्यांनी मागचं दार उघडलं. यशूचे गाल लालसर दिसत होते, चांगली झोप लागलेल्या मुलाचे असतात तसे. त्यांनी तिला हलवलं, तर तिची मान एका बाजूला कलली आणि तशीच राहिली.

"यशू! वनजा! ए वनजा!"

वनजाबाईंनी अर्धवट डोळे उघडले. त्या काहीतरी बोलल्या, पण ते शब्द नव्हते.

नागोजीरावांनी नातीला ओढून बाहेर काढलं आणि तिला घेऊन ते रस्त्याकडेला बसलेच. उठता येईना. ओरडायला गेले तर आवाज फुटेना. शहाळीवाली कोयता टाकून धावली.

"अय्यो, एनाय्तु सार?" काय झालं, काय झालं, करत तिने यशूच्या तोंडावर पाणी मारलं, वनजाबाईंना काखेत हात घालून बाहेर आणलं, आणि रस्त्याच्या मधोमध उभं राहून हात पसरून एक रिक्षा अडवली. कोण, कुठली, हे नागोजीरावांना कधीच कळलं नाही. तिने यशूला रिक्षात त्यांच्या मांडीवर ठेवलं, तेव्हा तिचे हात ओले होते, एवढंच त्यांना आठवतं.

रिक्षात वारा लागला तशा वनजाबाई कण्हू लागल्या. "डोकं फुटतंय ओ." यशू मात्र हलत नव्हती. नागोजीराव सारखा तिच्या नाकाशी हात नेत होते. श्वास लागला की हात काढायचे आणि लगेच परत न्यायचे.

रस्त्यावरच एक लहानसं नर्सिंग होम होतं. डॉक्टर गुरुराज, वय तिशीच्या आतबाहेर, झपाझप कामाला लागले. दोघींना कॉटवर घेतलं, यशूच्या बोटाला चिमटा लावला. यंत्रावर अठ्ठ्याण्णव आकडा आला.

"ऑक्सिजन उत्तम आहे," ते कन्नडमध्ये म्हणाले. "घाबरू नका. बाहेर जेवलात ना? तिघांना एकदम त्रास म्हणजे अन्नातूनच काहीतरी. सलाइन लावतो."

"हो, बारसं होतं," नागोजीराव म्हणाले.

नर्सने त्यांना बाकावर बसवलं. त्यांनी भुवनला, मुलाला, फोन केला. अन्नातून काहीतरी झालंय असंच सांगितलं. मग ते भिंतीला टेकले.

अन्नातून. किती सोपं होतं. संताजीच्या आचाऱ्याने केलेलं जेवण, कोणाचा दोष नाही. पण त्यांच्या कानात तो फरफराट चालूच होता. पंप हाऊसमध्ये डिझेल जनरेटरची खोली होती. तिथे पाटी असे, दार उघडं ठेवा. पहिल्याच वर्षी वरिष्ठांनी बजावलं होतं: या धुराला वास येईल याची वाट बघू नको, माणूस झोपतो आणि उठत नाही. तीच गोष्ट चौतीस वर्षं त्यांनी प्रत्येक नव्या माणसाला सांगितली होती. गाडीच्या तळाला भोक आहे हे त्यांना ठाऊक होतं. पत्रा सरकल्याचंही त्यांना कळलं होतं.

मग अजून गप्प का होते ते? कारण बोललं की ते खरं होणार होतं. कारण थोड्या वेळात सून, अदिती, येणार होती, आणि त्यांनी तिच्या मुलीला काय केलं हे तिच्यासमोर सांगावं लागणार होतं. डॉक्टर तर शिकलेला माणूस. यंत्र अठ्ठ्याण्णव म्हणतंय. कदाचित खरंच जेवणच असेल. एक मिनिट गेलं. दोन गेली असतील. पडद्याच्या फटीतून यशूचा पाय दिसत होता, एकाच पायात चप्पल असलेला. नर्सने तळव्याला नख लावून पाहिलं. पायाने काही केलं नाही.

नागोजीराव उठले. भिंत धरत आत गेले.

"डॉक्टर, जेवण नाही ते," ते म्हणाले. "जेवण नाही. गाडीचा धूर. सायलेन्सर फुटलाय, मी घरीच पत्रा लावला होता. खाली भोक आहे. काचा बंद होत्या. धूर आत आला."

डॉक्टर वळले. "वास आला होता?"

"नाही. पण मला कळलं होतं. आवाज बदलला तेव्हाच कळलं होतं, तरी मी थांबलो नाही."

बोलता बोलता त्यांना दिसलं, दारात अदिती उभी होती. हेल्मेट अजून डोक्यावरच होतं. ती पुण्याची, या घरात येऊन आठ वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत तिने त्यांच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. त्यांना वाटलं, इथे थांबावं. ते थांबले नाहीत.

"तासभर होत्या दोघी आत. तासाहून जास्ती," त्यांनी डॉक्टरांना सांगितलं.

डॉक्टर गुरुराजांनी तो चिमटा उपटून टाकला, मास्क ओढला, सिलिंडरची चावी पूर्ण उघडली. "दुसरा आण," ते नर्सवर ओरडले, "त्या आजींना पण लाव! हा चिमटा या विषाला फसतो, चांगलाच आकडा दाखवतो." मग फोनवर शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलला आणि अँब्युलन्सला. तेव्हा कुठे त्यांनी नागोजीरावांकडे पाहिलं आणि त्यांच्या हातातही एक मास्क दिला. "तुम्हीही धरा. तुम्हीही त्याच गाडीत होतात."

अँब्युलन्समध्ये नागोजीराव अदितीच्या समोर बसले. "अदिती, मी..."

"अप्पा, आत्ता माझ्याशी बोलू नका," ती म्हणाली. तिचे डोळे मास्कवर होते. मास्क धुकट होत होता, निवळत होता, पुन्हा धुकट होत होता.

मोठ्या हॉस्पिटलमध्ये दिवे लागायच्या सुमारास यशूने डोळे उघडले. तिने मास्क ढकलला आणि पहिली तक्रार केली, की तिची एक चप्पल नाही. भुवन तोंड फिरवून रडला. नागोजीराव आत गेले नाहीत. दाराबाहेर उभे राहून त्यांनी तिचा आवाज ऐकला, मग जिन्यात जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी अदिती त्यांच्याजवळ जिन्यात येऊन बसली.

"डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास नुसत्या सलाइनवर ठेवलं असतं तर..." तिने वाक्य सोडून दिलं. "तुम्ही सांगितलंत म्हणून ती आहे. आणि तुमच्यामुळेच ती तिथे होती. मला या दोन गोष्टी एकदम नाही सहन होत, अप्पा. मला थोडे दिवस द्या."

"घे," नागोजीराव म्हणाले. "पाहिजे तेवढे घे."

भुवन म्हणाला गाडी भंगारात द्या. नागोजीराव हो म्हणाले. वनजाबाईच नको म्हणाल्या. "दुरुस्त करा आधी," त्या म्हणाल्या. "मग काय ते बघू. भीतीपोटी घालवलेली वस्तू जन्मभर अंगणात दिसत राहते."

दिलीप नावाचा मेकॅनिक गाडी ओढून घेऊन आला. अंगणात जॅक लावून तो खाली शिरला आणि नागोजीराव पायरीवर बसून राहिले. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्याचे पाय तिथून बाहेर आलेले त्यांना दिसत होते. थोड्या वेळाने दिलीप तो पत्रा हातात घेऊन बाहेर आला.

"हे कोणी केलं सार? काम बघा किती नाजूक केलंय. सुम्ने, उगाच म्हणत नाही."

"मी," नागोजीराव म्हणाले.

दिलीपने पूर्ण पाइप नवा घातला, कुठून तरी मिळवून सगळी रबरं बदलली, भोकाभोवती पत्रा वेल्ड करून ते केबलीपुरतंच ठेवलं. विषारी धूर मोजायचं, भुवनने ऑनलाइन मागवलेलं छोटं यंत्र सीटवर ठेवून, इंजिन चालू करून अर्धा तास बघितलं. शून्याच्या पुढे आकडा गेला नाही.

दिलीप गेल्यावर नागोजीरावांनी चारही काचा खाली केल्या आणि स्क्रू काढून काचा फिरवायची चारही हँडलं काढून घेतली.

"हे काय आता?" वनजाबाईंनी विचारलं.

"वर व्हायला नकोत."

"आणि पाऊस आला तर?"

"भिजू."

यशू आता शाळेच्या व्हॅनने जायची. रोज सकाळी नागोजीराव तिचं दप्तर घेऊन कोपऱ्यापर्यंत जात आणि व्हॅन वळेपर्यंत तिथे उभे राहत. गाडी तीन आठवडे जागची हलली नाही. ते तिच्याजवळ जात, दाराला हात लावत आणि परत येत.

एका रविवारी सकाळी वनजाबाई साडी बदलून आल्या, पदर कानांवरून घट्ट गुंडाळला आणि मागचं दार उघडून आत बसल्या. "मार्केटला जायचंय," त्या म्हणाल्या. "भाजी नाही घरात."

"पुढं बस."

"इथंच बरी आहे. चला."

नागोजीरावांनी इंजिन चालू केलं. गल्लीच्या टोकाला त्यांनी विचारलं, "आहेस?"

"आहे."

मोठ्या रस्त्याला लागल्यावर परत. "आहेस ना?"

"आहे की."

चारही बाजूंनी वारा आत येत होता, वनजाबाईंचा पदर फडफडत होता. पुढच्या वळणावर त्यांनी पुन्हा विचारलं, त्याच्या पुढच्याही. पाचव्यांदा ते मान अर्धी मागे वळवून विचारू लागले, तेव्हा वनजाबाईंनी हात लांब करून त्यांच्या खांद्यावर ठेवला.

"पुढं बघा," त्या म्हणाल्या. "सिग्नल पडलाय."

त्यांनी गाडी थांबवली. हात त्या खांद्यावरच होता.