नादार मिस्तरीचा झोका

कौतिक मिस्तरी धुळ्याला हायवेच्या कडेला ट्रकच्या बॉड्या बांधायचा आणि समोर निंबानानाचं किराणा दुकान. मध्ये फक्त रस्ता. पण दोन वर्षं झाली, कौतिक तो ओलांडत नव्हता. मागच्या बोळानं घर गाठायचा. नानाचं देणं होतं ना! नानाचंच कशाला, दुसरी शेड टाकायच्या हौसेपायी बँकेचं, फायनान्सवाल्यांचं, साऱ्यांचंच. वसुलीची पोरं येऊन ओसरीवरच्या झोक्यावर बसायची, झोके घेत चहा मागायची. शेवटी कौतिकनं झोकाच काढून टाकला. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येऊन झोके घेतात; अशा घरी लेक कशी आणायची? मोनाली दोन अखाज्या सासरीच राहिली. आणि अखाजीला लेक आली नाही तर आमच्याकडे शेजारी कारण विचारत बसत नाहीत, घरच्या घरीच तयार करतात.

पावसाळ्यात बातमी फुटली, की कौतिकनं जिल्हा कोर्टात नादारीचा अर्ज टाकला.

"दिवाळं काढं गड्यानी!" नाना गिऱ्हाईक तसंच सोडून उठला. कौतिककडे गेला मात्र मागच्या बोळानं.

"कोर्टात जाय, मी ना म्हनत नही," तो हळूच म्हणाला. "पन मनं तेवढं आधी दी टाक. शेजारी शे मी तुना."

"नही नाना," कौतिक म्हणाला. "तुमले चोरीसन दिधं तं बाकीसले काय तोंड दाखाडू? आनि कोर्टले समजनं तं तुमनाकडथून परत मांगी लेस."

नानाला राग आला, पण हिशेब चुकला नव्हता; तो आल्या बोळानं परत गेला.

हिवाळ्यात कोर्टानं नेमलेला माणूस मालमत्ता ताब्यात घ्यायला आला. नाना हाताची घडी घालून उभा. बुडणारा माणूस काय काखोटीला मारतो, हे पाहण्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. आणि त्याला एक गोष्ट ठाऊक होती: झोक्याच्या जाडजूड पितळी कड्या, कौतिकच्या बापानं ओतवून घेतलेल्या, माळ्यावर बारदानात गुंडाळून ठेवल्यात. आता बघू, म्हणाला मनात.

साहेबांनी माळ्याकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. कौतिकच शिडी लावून चढला आणि बारदान आणून त्यांच्या पायाशी ठेवलं. त्याच्या बायकोनं, सुलक्षणानं, पदर तोंडाला लावला, पण 'राहू द्या' म्हणाली नाही.

शेडची जागा गेली, कड्या गेल्या. वेल्डिंग मशीन, हत्यारं, चुलीची भांडी राहिली. कारागिराचे हात कायदा बांधत नाही. नानाच्या वाट्याला थोडकंच यायचं होतं. तो कुरकुरला, आणि त्याच रात्री बायकोला म्हणाला, "मी असतू तं कड्या माळावरच ऱ्हातीस."

वसुलीची पोरं बंद झाली. काय मागायचं ते आता कोर्टात मागायचं. कौतिकचा फोन वाजला की तो उचलू लागला. शेड नव्हती, तर रस्त्याच्या कडेला उघड्यावरच दिवसभर वेल्डिंगच्या ठिणग्या उडू लागल्या. नाना गल्ल्यावरून बघायचा आणि डोळे दुखतात म्हणत बघतच राहायचा.

अखाजी आली. एका दुपारी कौतिक रस्ता ओलांडून सरळ दुकानात शिरला.

"दोर द्या नाना, झोकासाठे. मोनाली ई राहिनी."

नानानं आतून चांगला काथ्याचा दोर काढला. "पैसा राहू दे. मांगून दे, सवड व्हई तव्हय."

"उधार लेवानं व्हई तं कायदानं आधी सांगनं पडस, मी नादार शे म्हनीसन."

"आरे, बठ्ठ्या धुळाले माहीत शे!"

"माहीत ऱ्हावू द्या. माले सांगनं पडस." कौतिकनं रोख नोटा पुढे केल्या.

नानानं त्या गल्ल्यात टाकल्या. मग दोर मोजायला लागला. तो हात आखडून मापतो, हे गावभर प्रसिद्ध. आज मात्र त्यानं दोन्ही हात खांद्यापासून ताणले, आणि मापल्यावरही आणखी दोन हात सोडले.

"नाना, जास्त व्हयना."

"चूप ऱ्हाय! दोर मना, हात मना."